यंत्रांतील पाहुणा आणि त्याची खुंटलेली वाट



आजचा विषय वरकरणी रुक्ष आहे. परंतु ज्या घरांत संगणक शिकणारा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरास तो आज ना उद्यां भेटल्यावांचून राहणार नाहीं. एका संगणकाच्या आंत दुसरा संगणक चालवितां येतो, ही गोष्ट आपल्यापैकीं अनेकांनीं ऐकली असेल. त्या आंतल्या संगणकास व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आपण त्यास आभासी यंत्र म्हणूं. हें आभासी यंत्र चालूं तर होतें, पडदा उजळतो, अक्षरें उमटतात. पण बाहेरच्या जगाशीं त्याचा संबंध कांहीं केल्या जुळत नाहीं, अशी तक्रार विद्यार्थ्यांकडून वारंवार ऐकूं येते. हा संबंध कोठें तुटतो, तो कसा हुडकावा, आणि हुडकतांना कोणती घाई करूं नये, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे. मी पेशानें शाळामास्तर. तेव्हां जें सांगेन तें मास्तराच्या पद्धतीनें, पायरीपायरीनें सांगेन.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाहीं, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. सोलापूर जिल्ह्यांतील उजनी धरणाकांठचीं गांवें घेऊं. भीमा नदीवरील हें धरण १९८० सालीं पुरें झालें. त्याच्या जलाशयास यशवंतसागर असें नांव आहे. त्या पाण्याखालीं कित्येक गांवें गेलीं आणि माणसें वरच्या माळावर नव्यानें वसलीं. आज कंदर, वाशिंबे, केत्तूर, जिंती अशा गांवांच्या शिवारांत उसाचीं व केळीचीं शेतें उभीं आहेत, आणि त्याच घरांतील मुलें करमाळा, इंदापूर, बारामती, सोलापूर येथें संगणकशास्त्र शिकावयास जात आहेत. अभ्यासासाठीं त्यांना विंडोज आणि लिनक्स अशा दोन्ही प्रणालींचें काम पडतें. पण घरांत लॅपटॉप एकच, आणि तोही पुष्कळदां भावंडांत वांटून घेतलेला. दोन संगणक घेण्याची ऐपत नसलेल्या घरास आभासी यंत्र ही मोठीच सोय आहे.

अशा घरांत इंटरनेट म्हणजे बहुधा वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या मोबाइलचा हॉटस्पॉट. त्यावर दिवसाला दीड किंवा दोन जीबी मिळावयाचे. उबुंटु ही लिनक्सची प्रचलित प्रणाली नव्यानें उतरवून घ्यावयाची तर तिची फाइल पांच-सहा जीबींची असते. संबंध जुळत नाहीं म्हणून वैतागून विद्यार्थ्यानें आभासी यंत्र पुसून टाकलें आणि सर्व कांहीं पहिल्यापासून मांडावयाचें ठरविलें, तर साऱ्या घराचें तीन-चार दिवसांचें इंटरनेट गेलें. त्या यंत्रांत साठविलेला अभ्यास गेला तो वेगळाच. आणि पुष्कळदां मूळ दोष काय निघतो? एखादी पुसलेली खूण, किंवा एखादी चुकीची निवड. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, अशी ही गत होते.

आभासी यंत्राची कल्पना नवी नाहीं. अमेरिकेंतील आय. बी. एम. कंपनीनें १९७२ सालीं आपल्या मोठ्या संगणकांकरितां अशी व्यवस्था जाहीर केली. त्या काळीं संगणक एक आणि वापरणारे पुष्कळ अशी स्थिति असे. म्हणून एकाच यंत्राचे अनेक भास निर्माण करून प्रत्येकास स्वतंत्र यंत्र मिळाल्यासारखें करीत. मेजावरील लहान संगणकावर ही सोय व्हीएमवेअर कंपनीनें १९९९ सालीं आणली; आणि २००७ सालीं व्हर्च्युअलबॉक्स हें फुकट मिळणारें सॉफ्टवेअर निघालें, तेव्हांपासून ती सामान्य विद्यार्थ्याच्या आटोक्यांत आली.

आतां मूळ गोष्टीकडे वळूं. जो खरा संगणक मेजावर आहे त्यास यजमान म्हणावें, आणि त्याच्या आंत चालणाऱ्या आभासी यंत्रास पाहुणा म्हणावें. पाहुण्याला वाटतें कीं आपल्यापाशीं स्वतःचें नेटवर्क कार्ड आहे आणि त्यास एक तार जोडलेली आहे. प्रत्यक्षांत ना कार्ड असतें, ना तार. दोन्ही गोष्टी यजमानाच्या सॉफ्टवेअरनें केलेली बतावणी होत. पाहुण्यानें बाहेर धाडलेला प्रत्येक निरोप यजमानाच्या हातांतूनच जातो. तो कसा जावा याच्या निरनिराळ्या रीति आहेत, आणि कोणती रीत निवडली आहे हें ठाऊक नसल्यामुळेंच निम्मा घोटाळा होतो.

पहिली रीत नॅट या नांवाची. एका वाड्यांत एक भाडेकरू रहातो असें समजा. तो पत्र लिहितो. घरमालक त्यावर स्वतःचा पत्ता घालतो, वहींत नोंद करतो आणि पत्र टपालांत टाकतो. उत्तर आलें म्हणजे नोंद पाहून तें योग्य खोलींत पोंचवितो. अशा भाडेकरूस जगाला पत्र लिहितां येतें. परंतु जगानें आपण होऊन त्याला पत्र घातलें, तर मालकाच्या वहींत नोंद नसल्यामुळें तें परत जातें. नॅटमध्यें अगदीं असेंच घडतें. पाहुणा इंटरनेट पाहूं शकतो, पण पाहुण्यावर चालविलेली वेबसाइट यजमानाच्या ब्राउझरमध्यें उघडत नाहीं. ती उघडावयाची असेल, तर अमुक क्रमांकाचें पत्र अमुक खोलींत द्यावें असा कायमचा हुकूम मालकास देऊन ठेवावा लागतो. त्या हुकमास पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात.

दुसरी रीत ब्रिज, म्हणजे पूल. येथें भाडेकरू स्वतःच्या नांवाची पाटी दारावर लावतो आणि गांवच्या दप्तरांतून स्वतंत्र घरक्रमांक मागून घेतो. पाहुणा घरच्या राउटरकडून स्वतःचा पत्ता मिळवितो आणि घरांतील इतर यंत्रांच्या बरोबरीनें वागतो. तिसरी रीत होस्ट-ओन्ली. तींत यजमान आणि पाहुणा यांचें आपसांत बोलणें चालतें, पण वाड्याबाहेर वाटच नसते. चौथी अंतर्गत जाळ्याची. तींत पाहुणे फक्त एकमेकांशीं बोलतात आणि यजमानासही त्यांत प्रवेश नसतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. होस्ट-ओन्ली निवडून जो इंटरनेटची वाट पाहील, त्याच्या यंत्रांत कांहीं बिघाड नाहीं. यंत्र सांगितल्याप्रमाणेंच वागत आहे. तसेंच व्हर्च्युअलबॉक्समध्यें दोन पाहुण्यांस साधी नॅट दिली, तर दोघेही आपला पत्ता १०.०.२.१५ असाच सांगतात आणि एकमेकांस भेटत नाहींत. कारण त्या रीतींत प्रत्येकासाठीं वेगळा वाडा कल्पिलेला असतो. दोघांचें बोलणें हवें असेल तर नॅट नेटवर्क नांवाची निराळी निवड आहे. म्हणून दुरुस्तीच्या आधीं स्वतःस विचारावें: मला नक्की कोणाशीं कोणाचें बोलणें हवें आहे?

एवढें समजल्यावर दोष शोधण्याची रीत. ती मला धरणाकांठच्या शेतकऱ्याइतकी कोणीच चांगली शिकवूं शकणार नाहीं असें वाटतें. उन्हाळ्यांत जलाशयाचें पाणी मागें हटूं लागलें म्हणजे त्यास आपली मोटार पाण्यामागोमाग खालीं न्यावी लागते, पाइप वाढवावा लागतो, केबल लांबवावी लागते. एखाद्या सकाळीं बटण दाबलें आणि शेतांत पाणी पडलें नाहीं, तर तो नवी मोटार आणावयास टेंभुर्णीस धांवत नाहीं. वीज आहे काय, मोटार फिरते काय, तळाचा फूट-व्हॉल्व्ह पाण्यांत आहे कीं चिखलांत, पाइप कोठें फुटला आहे काय, असें तो एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे पहात जातो. जेथपर्यंत ठीक आहे तेथपर्यंतचा भाग निर्दोष, संशय त्यापुढें. आपणही हेंच करूं.

आरंभीं दोन पथ्यें. एक, यंत्राच्या सद्यःस्थितीची स्नॅपशॉट नांवाची नोंद करून ठेवावी, म्हणजे हातून कांहीं बिघडलें तर मागें येतां येतें. दुसरें, एका वेळीं एकच बदल करावा आणि तो कागदावर लिहावा. चार बदल एकदम केले आणि संबंध जुळला, तर कशानें जुळला हें कळत नाहीं. न जुळला तर आपण दोष वाढविला कीं काय, हेंही कळत नाहीं.

पहिली पायरी यजमानाची. खुद्द लॅपटॉपवर एखादें संकेतस्थळ उघडतें काय तें पहावें. यजमानाच्याच घरीं पाणी नसेल तर पाहुण्यास कोठून मिळणार?

दुसरी पायरी त्या भासमान तारेची. व्हर्च्युअलबॉक्समध्यें पाहुण्याच्या नेटवर्कच्या पानावर तार जोडलेली आहे असें सांगणारा एक लहानसा चौकोन असतो. त्यांतील खूण पुसली गेली असेल तर तार काढल्यासारखेंच होतें. हा दोष क्षुल्लक, पण हुडकण्यास तितकाच चकवा देणारा.

तिसरी पायरी पत्त्याची. पाहुण्यास पत्ता मिळाला आहे काय? विंडोजमध्यें आयपीकॉन्फिग आणि लिनक्समध्यें आयपी ए ही आज्ञा दिली म्हणजे तो दिसतो. नॅट असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्यें तो बहुधा १०.०.२.१५ असतो, होस्ट-ओन्ली असेल तर सामान्यतः १९२.१६८.५६ नें सुरू होतो. ब्रिज असेल तर घरांतील इतर यंत्रांच्या पत्त्याशीं मिळताजुळता असतो. परंतु पत्ता १६९.२५४ या आंकड्यांनीं सुरू होत असेल, तर समजावें कीं यंत्रानें पत्ता मागितला, देणारा कोणी भेटला नाहीं, आणि शेवटीं त्यानें आपला आपणच एक तात्पुरता पत्ता लावून घेतला. अशा वेळीं पुढच्या पायऱ्या चढण्यांत अर्थ नाहीं. पत्ता वांटणाऱ्या डीएचसीपी या सेवेपर्यंत निरोप कां पोंचत नाहीं, हेंच पहावें.

चौथी पायरी वेशीची. पाहुण्यापासून बाहेर जाण्याच्या पहिल्या दारास गेटवे म्हणतात. नॅटमध्यें तें बहुधा १०.०.२.२ असतें. त्यास पिंग करावें. पिंग म्हणजे साद घालून प्रतिसाद येतो काय हें पाहणें. माइक म्यूस या अमेरिकन गृहस्थानें १९८३ च्या डिसेंबरांत हें साधन रचलें आणि पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या ध्वनीवरून त्यास हें नांव दिलें.

पांचवी पायरी बाहेरच्या जगाची, पण आंकड्यांनीं. ८.८.८.८ या पत्त्यास पिंग करावें. ती गूगल कंपनीची एक सार्वजनिक सेवा आहे. येथून उत्तर आलें तर वाट शेवटपर्यंत मोकळी आहे.

सहावी पायरी नांवाची. आंकड्यांस उत्तर येतें, पण संकेतस्थळाचें नांव घातलें कीं तें सांपडत नाहीं, असें झालें तर दोष वाटेचा नसून नांवांच्या कोशाचा, म्हणजे डीएनएसचा आहे. हा कोश पॉल मोकापेट्रिस यांनीं १९८३ सालीं योजिला. त्यापूर्वीं सर्व नांवें एकाच यादींत लिहून ठेवीत. पाहुण्यास कोणता कोश दिला आहे तें पहावें आणि जुना असेल तर नेटवर्क बंद करून पुन्हां सुरू करावें.

सातवी पायरी एकाच दाराची. सर्व कांहीं चालतें, पण एकच सेवा उघडत नाहीं, तर फायरवॉल नांवाचा पहारेकरी तें दार अडवीत असेल. हा पहारेकरी कधींकधीं पिंगलाही उत्तर देत नाहीं. विंडोजचा पाहुणा बाहेरच्या पिंगला बहुधा गप्प राहतो. म्हणून केवळ उत्तर आलें नाहीं यावरून यंत्र मेलें आहे असें ठरवूं नये.

आतां धरणाकांठच्या घरांत विशेषतः आढळणारे दोन-तीन प्रसंग सांगतों. रात्रीं वीज जाते, घरांतला राउटर बंद पडतो, आणि विद्यार्थी लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडतो. यजमान सुरळीत चालतो. पाहुणा मात्र अडतो. कारण पाहुणा ब्रिजवर असतो आणि त्याच्याजवळ अजून राउटरनें दिलेला जुनाच पत्ता असतो. जलाशयांत पळसदेवचें जुनें गांव बुडालें आणि वस्ती दुसरीकडे गेली. उन्हाळ्यांत पाणी उतरलें म्हणजे जुनें देऊळ तेवढें वर दिसतें. त्या जुन्या जागेच्या पत्त्यावर कोणी पत्र घातलें तर तें कोणास मिळणार? पाहुण्याची तीच अवस्था होते. अशा वेळीं भासमान तार क्षणभर काढून पुन्हां जोडावी, म्हणजे तो नवा पत्ता मागतो. तरीही न जुळल्यास ब्रिज कोणत्या कार्डावर टाकला आहे तें पहावें. तारेच्या कार्डावर असेल आणि आपण वाय-फाय वापरीत असूं, तर पूल कोरड्या नदीवर बांधल्यासारखा होतो.

शिवाय वाय-फायवर ब्रिज मुळांतच थोडा अवघड आहे. वाय-फायच्या दप्तरांत एका यंत्राच्या नांवावर एकच हार्डवेअर पत्ता असावा अशी अपेक्षा असते; एका लॅपटॉपमागून दोन पत्ते बोलूं लागले तर कित्येक हॉटस्पॉट दुसऱ्यास ओळखच देत नाहींत. महाविद्यालयांत नोंदलेल्या यंत्रांसच प्रवेश देण्याचा नियम असेल, तर तेथेंही हाच अनुभव येतो. म्हणून हॉटस्पॉटवर केवळ इंटरनेट पाहिजे असेल तर निमूटपणें नॅट निवडावी. तींत बाहेरच्या जगास एकच यंत्र दिसतें आणि तक्रारीस जागा रहात नाहीं.

दुसरा प्रसंग नकलेचा. एका मित्रानें तयार केलेलें आभासी यंत्र दुसऱ्यानें जसेंच्या तसें उतरवून घेतलें म्हणजे त्याचा हार्डवेअर पत्ताही जसाचा तसा येऊं शकतो. व्हर्च्युअलबॉक्समध्यें हा पत्ता ०८:००:२७ नें सुरू होतो आणि पुढील आंकडे प्रत्येक यंत्राचे वेगळे असावे लागतात. करमाळा तालुक्यांत वांगी नांवाचीं एकाहून अधिक गांवें आहेत, म्हणून त्यांस क्रमांक लावले आहेत. केत्तूरचेंही तसेंच आहे. ते क्रमांक नसते तर पोस्टमननें काय करावें? एकाच जाळ्यावर दोन यंत्रांचा पत्ता एक झाला कीं निरोप कधीं एकाकडे, कधीं दुसऱ्याकडे जातो, आणि संबंध क्षणांत जुळतो व क्षणांत तुटतो. नक्कल करतांना नवा पत्ता देण्याची निवड असते, ती करावी.

तिसरा प्रसंग घड्याळाचा. लॅपटॉप तसाच मिटून ठेवला, दोन दिवसांनीं उघडला, आणि पाहुण्याचें घड्याळ दोन दिवस मागेंच राहिलें, असें कधींकधीं होतें. मग सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांच्या तारखा जुळत नाहींत आणि तीं उघडत नाहींत. दिसावयास दोष इंटरनेटचा, असावयास तो वेळेचा. घड्याळ बरोबर केलें कीं सर्व कांहीं सुरळीत होतें.

येथें एक सर्वसाधारण बोध निघतो. प्रत्येक खूण ती जें मोजते तेवढेंच सांगते. उजनी धरण शून्य टक्क्यांवर आलें, असें उन्हाळ्यांत वर्तमानपत्रांत येतें. अनोळखी मनुष्यास वाटेल कीं जलाशय कोरडा पडला. वस्तुतः त्या वेळींही त्यांत सुमारे ६३ टीएमसी पाणी असतें. ती टक्केवारी सुमारे ५३ टीएमसीच्या उपयुक्त साठ्याची असते आणि मृत साठा तींत धरलेला नसतो. संगणकाच्या कोपऱ्यांतील जोडलें असें सांगणारें चिन्हही तसेंच. तें तारेपुरतें किंवा पत्त्यापुरतें खरें असूं शकतें. संकेतस्थळ उघडेल अशी हमी त्यांत नसते. उलट, तेथें फुली दिसली म्हणजे सर्वस्व बुडालें, असेंही नव्हे.

शहरांत राहणाऱ्या श्रोत्यांस या माहितीचा एक विशेष उपयोग आहे. परीक्षेच्या किंवा प्रकल्प सादर करण्याच्या आदल्या रात्रीं गांवाकडून भाच्याचा फोन येतो, "मामा, मशीनला नेट लागत नाहीं. सगळें उडवून पुन्हां टाकूं का?" आपणांस संगणकाचें शास्त्र अवगत असण्याची जरुरी नाहीं. त्यास म्हणावें, "थांब, कांहीं उडवूं नकोस," आणि क्रमानें विचारावें. लॅपटॉपवर नेट आहे काय? पाहुण्याची रीत कोणती आहे, नॅट कीं ब्रिज? तारेची खूण आहे काय? पत्ता कोणत्या आंकड्यांनीं सुरू होतो? वेशीवरून उत्तर येतें काय? आंकड्यांच्या पत्त्यावरून येतें काय? नांवावरून येतें काय? घड्याळ बरोबर आहे काय? ज्या प्रश्नाचें उत्तर प्रथम नकारार्थी येईल, तेथेंच दोष आहे असें धरून चालावें आणि तेवढ्याच जागेची दुरुस्ती सुचवावी. दहा मिनिटांच्या या संभाषणानें मुलाची रात्र, घरचा डेटा आणि कित्येक दिवसांचा अभ्यास वांचूं शकतो.

आणि दोष सांपडला म्हणजे लगेच फोन ठेवूं नये. काय बिघडलें होतें आणि कशानें नीट झालें, या दोन ओळी त्यानें तारीख घालून वहींत लिहाव्या, असें आवर्जून सांगावें. पुढच्या वेळीं त्याच गांवांतला दुसरा एखादा विद्यार्थी अडला, तर त्यास शहराकडे फोन करण्याची गरज पडणार नाहीं. वही शेजारच्या घरींच असेल.